आमच्या मजल्यावरचं ‘चाइल्ड’ प्रकरण

हे तुमच्यात-माझ्यात राहू दे. गेल्या गुरुवारी समोरच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. जाईनात. चेहरा असा, की मी आधी गॅस बंद केला.

“अहो, याचं रात्रीचं काहीतरी चाललंय.”

याचं म्हणजे चिरंजिवांचं. वय सत्तावीस, इंजिनिअर, काम घरूनच, स्थळं बघणं चालू. आदल्या रात्री दीड वाजता वहिनी पाणी प्यायला उठल्या, तर खोलीत दिवा आणि दाराआडून आवाज : “अहो ताई, पेरेंटला हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं? आधी चाइल्ड करून घ्या. एकदा चाइल्ड झालं की मग काय हवं ते करा, मी आहे ना सपोर्टला!”

वहिनींच्या हातातला तांब्या तिथेच निसटला म्हणे. मी एकतीस वर्षं बँकेच्या क्लिअरिंगमध्ये काढली, खोट्या सह्या लांबून ओळखल्या, पण हे ऐकून मलाही खुर्ची लागली. कोण ही ताई? कुठलं चाइल्ड? आणि सपोर्ट म्हणजे दरमहा किती?

तपास अर्थातच माझ्याकडे आला. दुपारी वहिनी भिशीला गेल्या तशी मी थालीपीठ घेऊन गेले आणि मुलाला सरळ विचारलं. तो आधी हसला, मग रडवेला झाला, मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. प्रकरण भलतंच निघालं. एक ताई असती तर परवडलं असतं. काही हजार आहेत. ताया, दादा, ब्राझीलचे एक पाद्री, नायजेरियातला एक केशकर्तनवाला, सांगलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या या बाळाने वर्डप्रेसची एक थीम बनवून जगाला फुकट वाटली आहे आणि आता ही सगळी मंडळी त्याच्या जिवावर उठली आहेत.

थीम काय ते आधी ऐका, नाहीतर पुढची मजा जाईल. वर्डप्रेस मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली सुरू केलं. तेही ‘बी-टू’ नावाचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याची देखभाल थांबली होती, ते उचलून वाढवलं. म्हणजे घराण्यात दत्तकविधान पहिल्यापासूनचंच. आज जगातल्या दर दहा वेबसाइटींमधल्या चारेक या वर्डप्रेसवर चालतात. तुम्ही लिहिलेलं सगळं आत पेटीत राहतं आणि थीम त्याला कपडे चढवते. बाई तीच, साडी वेगळी. इतकी वर्षं थीम व्हायला दोन फायली पुरायच्या, एक इंडेक्स आणि एक स्टाइल. बाकीच्या पंचवीस-तीस फायली हौसेच्या.

आणि हौस म्हणाल तर अहो, लोक एका महिन्यात चार-चार थीमा बदलतात! लिहायचं काहीच नाही. मजकूर ‘नमस्कार, मी आजपासून लिहिणार’ एवढाच, पण त्याला गेल्या वर्षभरात सोळा नेसवण्या. मी कोणाला नावं ठेवत नाहीये. माझ्या पाककृतींच्या साइटवर तीन पाककृती आहेत आणि आजवर अकरा थीमा झाल्या. त्यातली एक तर मी केवळ नमुन्यात कॉफीचा कप सुंदर दिसत होता म्हणून घेतली. घरी आणल्यावर कप नाही, बाई नाही, खिडकीतलं ऊन नाही. नुसता करडा चौकोन, आणि त्यात माझी अळूवडी. मी लगेच तक्रार केली, ‘नमुन्यासारखी दिसत नाही’. ही तक्रार जगभर सतत होते, असं आता कळलं. साडीवाल्याच्या पुतळ्याची कंबर आपल्याला साडीबरोबर मिळत नाही, हे लक्ष्मी रोडवर कळतं आणि इंटरनेटवर कळत नाही.

पूर्वी असं नव्हतं हो. पूर्वी गरिबी होती पण शिस्त होती. फेब्रुवारी २००५ मध्ये वर्डप्रेसची १.५ आवृत्ती आली, तेव्हा थीम बदलायची सोय पहिल्यांदा मिळाली. (या मंडळींच्या आवृत्त्यांना जॅझवाल्यांची नावं असतात, हिचं स्ट्रेहॉर्न.) सोबत आली मायकेल हाइलमान या डॅनिश माणसाची ‘कुब्रिक’. वर गोल कोपऱ्यांचा निळा पट्टा, खाली पांढरं पान. जगात कुठेही जा, टेक्ससचा बंदूकवाला असो की कवितेतून रडणारा कोणी, प्रत्येकाच्या डोक्यावर तोच निळा पट्टा. लग्नात आहेराला आलेल्या एकाच गठ्ठ्यातली लुगडी गावभर दिसावीत तसं. हे २०१० पर्यंत चाललं. मग तीन नंबरची आवृत्ती आली, तिच्याबरोबर ‘ट्वेंटी टेन’ आली, आणि तेव्हापासून घरची थीम वर्षाच्या नावाने येऊ लागली. दिवाळी अंकासारखी.

पण फुकटच्या कपड्याला आतून काय शिवलंय, ते कोण बघतं? इथे पहिली भानगड झाली. थीमच्या तळाशी ‘रचना अमुक यांची’ अशी एक ओळ असते. तेवढा मान शिंप्याला द्यावाच. पण २००७ च्या सुमारास लोकांना आपापल्या तळाशी भलतीच नावं दिसायला लागली. कर्ज देणारे, जुगाराचे अड्डे, आणि न बोलण्यासारख्या गोळ्या विकणारे. थीम बनवणारे अशा दुकानदारांकडून पैसे घेऊन पदराच्या आतल्या बाजूला त्यांची जाहिरात शिवून देत होते. ती ओळ काढावी म्हटलं तर सगळं अगम्य अक्षरांत गुंडाळलेलं, आणि काढलंत तर पानच उसवायचं. विचार करा, कोणी गीतेवर प्रवचनं लिहितंय आणि खाली जुगाराचा पत्ता! मुलेनवेग यांनी असल्या थीमा अधिकृत यादीतून हाकलल्या. छान केलं. फक्त एवढंच, की त्याआधी दोनच वर्षं, २००५ मध्ये, खुद्द वर्डप्रेसच्या साइटवर जाहिरातींसाठी लिहून घेतलेल्या हजारो लेखांकडे जाणारे लपवलेले दुवे सापडले होते आणि याच मुलेनवेग यांना माफी मागावी लागली होती. मी काही बोलत नाही. घरोघरी मातीच्या चुली.

आता खरं प्रकरण. थीसिस.

नावावर जाऊ नका, पीएच.डी.चा काही संबंध नाही. क्रिस पिअर्सन नावाच्या अमेरिकन तरुणाने २००८ मध्ये ‘थीसिस’ नावाची थीम विकायला काढली. किंमत सत्त्याऐंशी डॉलर. लोकांनी घेतली, आणि नुसती घेतली नाही, तर थीसिसवाले म्हणून मिरवू लागले. कोल्हापुरात तालीम सांगतात तशी माणसं थीम सांगायची. अडलं-नडलं एकमेकांना शिकवायची, रंग कसा बदलायचा, पट्टी कशी हलवायची, सगळं आपापसांत. म्हणजे थीम पिअर्सनची, पण अर्धा संसार गिऱ्हाइकांनीच उभा केला.

पण घेतलेली थीम पुढे कोणाला वाटायची पिअर्सनची परवानगी नव्हती. मुलेनवेग यांचं म्हणणं, हे चालणार नाही. का? तर जीपीएल. हा परवाना मला तीनदा समजावला तरी कळेना. शेवटी वहिनींची वाटी समोर होती म्हणून डोक्यात प्रकाश पडला. वहिनींनी माझ्या विरजणाने दही लावलं. आता ते दही त्यांनी खावं, वाटावं, अगदी कोपऱ्यावर मांडून विकावं, माझी हरकत नाही. पण विकत घेणारीने त्यातलं चमचाभर पुढच्या घरी विरजण म्हणून दिलं, तर वहिनींनी तिला अडवायचं नाही. कारण मीही अडवलं नव्हतं. झाला जीपीएल! वर्डप्रेस हे विरजण, थीम हे दही. २००९ मध्ये मुलेनवेग यांनी वकिलांचं मतही मागवलं होतं. त्यांनी सांगितलं, थीममधला पीएचपीचा, म्हणजे प्रोग्रामचा, भाग हे दहीच, त्याला नियम लागू. चित्रं आणि रंगरूपाची स्टाइल फाइल ही वाटी, ती ज्याची त्याची. इतका शहाणा निवाडा मी आमच्या सोसायटीच्या सभेत कधी ऐकला नाही.

पिअर्सन म्हणाला, दूध माझं, रात्रभर जागलो मी, विरजण कसलं घेऊन बसलात? जुलै २०१० मध्ये दोघे एका मुलाखतकाराच्या मध्यस्थीने थेट समोरासमोर आले आणि सगळ्या जगाने ऐकलं. पिअर्सनने तिथे सांगून टाकलं, की वर्डप्रेसच्या इतिहासातल्या सगळ्यात महत्त्वाच्या तीन माणसांत आपण आहोत. तीन! दत्तक घेणारे दोघं, आणि तिसरा शिंपी! मुलेनवेग यांनी कोर्टाची भाषा काढली. वर जाहीर केलं, की कोणाला थीसिस सोडायची असेल तर दुसरी चांगली, जीपीएलवाली थीम मी माझ्या पैशाने घेऊन देतो. म्हणजे भर चौकात उभं राहून, ‘हिला सोडा, दुसरीचा खर्च माझा’! भिशीहून परतल्यावर वहिनींना हे सांगितलं, तर त्या जागच्या जागी थिजल्या. “आणि यांना शिकलेले म्हणायचं?” इतकंच म्हणाल्या.

मग कोणीतरी थीसिसचा डबा उघडून तपासला, तर तळाशी वर्डप्रेसचेच कोडचे तुकडे जसेच्या तसे. संपलं. आठवड्याभरात पिअर्सनने पीएचपीचा भाग जीपीएलखाली आणला, वाटी तेवढी स्वतःकडे ठेवली.

पण भांडण असं कुठे मिटतं? थीसिस डॉट कॉम हा पत्ता पिअर्सनकडे नव्हताच. तो विकायला निघाला तेव्हा मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक या कंपनीने एक लाख डॉलर मोजून घेतला आणि तिथे येणाऱ्याला आपल्याच थीमांच्या पानावर नेऊन सोडायला सुरुवात केली. पिअर्सन लवादाकडे गेला, २०१५ मध्ये हरला. एक लाख डॉलर! नुसत्या शेजाऱ्याच्या नावाची पाटी आपल्या दाराला लावायला! पुण्यात पाटीचं महत्त्व आपल्याला ठाऊक आहे, पण आपण फार तर दुपारी एक ते चार लिहितो.

“हे सगळं तिकडे,” वहिनी म्हणाल्या, “आपल्याकडे नसेल असलं.” अहो वहिनी, आपल्याच पुण्यात! ‘अ‍ॅस्ट्रा’ थीम ऐकली आहेत? ब्रेनस्टॉर्म फोर्स ही पुण्यातली कंपनी, तिची. २०२० मध्ये दहा लाख साइटींनी ती नेसली होती. वर्डप्रेसबरोबर आपोआप येणाऱ्या थीमा सोडल्या तर त्याआधी हा आकडा कोणी गाठला नव्हता. मी तर पेढे आणणार होते. तेवढ्यात, त्याच ऑगस्टमध्ये, थीम तपासणाऱ्या स्वयंसेवकांनी तिला यादीतून स्थगित केलं. आत दलालीच्या दुव्यांचा कोड होता, आणि फुकटच्या यादीतल्या थीमला तो चालत नाही. कंपनीने तो काढला, थीम लवकरच परत आली. आता विचार करा, दहा लाख घरांत घातलेला कपडा, आणि त्याला अडवणारे कोण, तर पगार न घेणारे चार लोक. आमच्या बँकेत ऑडिटरला निदान काजू तरी मिळायचे.

हे तपासणारे नमुना म्हणून जी साइट वापरतात, तिची गोष्ट मला मुलाने दाखवली आणि मी त्या अज्ञात लेखकाच्या प्रेमात पडले. सगळा मजकूर मुद्दाम वेडावाकडा. एका लेखाला शीर्षकच नाही. दुसऱ्याचं शीर्षक संपतच नाही. एका प्रतिक्रियेला उत्तर, त्या उत्तराला उत्तर, त्याला आणखी, असं दहा पायऱ्या आत. यात जी थीम फाटत नाही ती खरी. सून बघायला गेल्यावर मुद्दाम पोळ्या लाटायला लावायच्या, आणि पीठ सैल भिजवून ठेवायचं, तसला प्रकार.

एवढं करूनही त्या परीक्षेत मराठी नाही. आणि इथे मात्र माझी थट्टा संपते, कारण हे मी भोगलं आहे. परदेशी थीम आणली की तिच्यात अक्षरांमध्ये डौलदार अंतर सोडलेलं असतं. इंग्रजीला शोभतं. मराठीला लावलं की शिरोरेखाच तुटते. ‘अळूवडी’ची चार अक्षरं दात पडल्यासारखी वेगवेगळी उभी. ओळी इतक्या जवळ, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीच्या डोळ्यात जातो. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची फॅशन असेल तर मात्रेचा शेंडा कापून टाकतात. तिरपी अक्षरं तर विचारूच नका, सगळी वाक्यं वाऱ्यात कलल्यासारखी. सांगलीचे मुख्याध्यापक याच दुखण्याने आले होते. पोराने त्यांचं ऐकलं, ओळींमधलं अंतर वाढवलं, अक्षरांमधलं काढून टाकलं, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा फुकट मिळणारा ‘मुक्ता’ फॉन्ट बसवला. गुरुजींनी मग थीममधल्या सगळ्या इंग्रजी ओळींचं मराठी करून दिलं, स्वतःहून, एका रविवारात. शुद्धलेखनासकट. शिवाय पोराने लिहिलेल्या माहितीपत्रकातल्या सदतीस चुका लाल रंगात. हे दोघे अजून भेटलेले नाहीत, पण दर संक्रांतीला सांगलीहून तिळगुळाचं पार्सल येतं. वहिनींना वाटायचं, हळदीचा कोणी व्यापारी आहे.

सगळे गुरुजींसारखे नसतात. सपोर्ट म्हणजे काय, तर लोक एका ओळीत लिहितात, ‘चालत नाही’. काय चालत नाही? कुठे? साइटचा पत्ता? उत्तर नाही. दोन दिवसांनी ‘अर्जंट!!!’. तीन दिवसांनी ‘झालं’. कसं झालं ते सांगत नाहीत, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा नव्याने ‘चालत नाही’. एका बाईंचा प्रश्न होता, माझा प्रिंटर का छापत नाही? एका गृहस्थांनी कुठूनतरी कोडची ओळ उचलून फंक्शन्स डॉट पीएचपी या फायलीत चिकटवली, एक अर्धविराम गाळला, आणि अख्खी साइट पांढरी. नुसती पांढरी, प्रेतवस्त्रासारखी. २०१९ पासून वर्डप्रेस अशा वेळी मालकाला मेल करून मागचं दार उघडून देतं, पण मेल वाचतं कोण? ते थेट आमच्या पोराला फोन. याचा नंबर कोणी दिला? याने स्वतः. एकदा, एकाला, भिडेखातर.

आणि विकतवाल्यांकडे बघा. थीमफॉरेस्ट नावाच्या बाजारात काही हजार रुपयांची थीम घेतली की सपोर्ट सहा महिने. सातव्या महिन्यात नमस्कार. पुढे हवा तर वेगळे पैसे. फुकटवाल्याकडे मुदतच नाही! शिलाई फुकट, आणि उसवलं की जन्मभर टाके घालून द्यायचे. मी म्हटलं, अरे मग पैसे माग की. म्हणाला, “काकू, पैसे मागितले की ते गिऱ्हाईक होतात.” मी विचारलं, मग आता कोण आहेत? तो बराच वेळ विचार करत होता. तेवढ्यात ब्राझीलच्या पाद्रींचा निरोप आला, आणि उत्तर राहिलं.

हां, चाइल्ड! ते राहिलंच. लोक थीमच्या मूळ फायलीतच आपले रंग भरतात. मग शिंपी सुधारलेली आवृत्ती पाठवतो, जुन्यावर नवी बसते आणि रंग गायब. मग शिंप्याच्या नावाने शिमगा. म्हणून शहाण्यांनी मूळ थीमला हात न लावता तिची एक पोरथीम काढायची. तिच्या स्टाइल फायलीत आईचं नाव एका ओळीत लिहायचं आणि सगळे लाड त्या पोरीचे करायचे. आई बदलली, सुधारली, तरी पोरीचे कपडे शाबूत. हे मी वहिनींना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि वडलांचं नाव?” मी पुढे बोलले नाही.

असो. एवढं सगळं कळल्यावर मला त्या पोराची दया आली. म्हटलं, आपणही त्याचीच थीम घालू. बारावी. आणि घातली! अळूवडी काय दिसते म्हणून सांगू, शिरोरेखा अखंड. मग वाटलं, कौतुक करावं. थीमच्या पानावर चांदण्या असतात पाच, त्यांतून द्यायच्या. मी चष्मा लावून, नीट विचार करून त्याला पहिला नंबर दिला. पहिल्याच चांदणीवर बोट ठेवलं. खाली लिहिलं, ‘शब्द नाहीत’.

त्या रात्री पोरगं जेवलं नाही म्हणे. वहिनी सांगत होत्या, कोण्या मेलीने एक चांदणी देऊन ‘शब्द नाहीत’ असं टोचून लिहिलंय, याची सरासरी घसरली, आणि मेलीचं नाव ‘सुगरण बासष्ट’ आहे. “तुमच्या लक्षात येतंय का कोण असेल?” मी म्हटलं, छे हो, परदेशातली असेल कोणी.

आज साटोऱ्या करून ठेवल्या आहेत. आधी ती चांदणी कशी बदलायची ते शोधते, मग डबा घेऊन जाते. अडचण एकच आहे, ते विचारायचं कोणाला? या बाबतीतलं कळणारा माझ्या ओळखीत तो एकच मुलगा आहे.